देवघेवीचा हिशेब

सकाळी सहा

वाचनालयांच्या तपासणीला निघताना माझ्या पिशवीत दोन कागद असतात. एक तपासणीचा छापील नमुना. ग्रंथसंख्या किती, नियतकालिकं किती, वर्गणीदार किती, जागा स्वतःची की भाड्याची, कर्मचारी किती, मागच्या वर्षी खर्च काय झाला. दुसरा कागद कोरा. छापील नमुन्यातल्या बहुतेक उत्तरांवरून वाचनालयाच्या मालकीचं काय आहे ते कळतं. तिथून काय बाहेर जातं आणि कोणाच्या घरी जातं, याला त्यात फार जागा नाही. ते मी कोऱ्या कागदावर टिपत जाते, आणि रात्री शेरा लिहायला बसले की तोच कागद आधी उघडते.

आजचं वाचनालय साताऱ्याच्या पूर्वेचं, माणदेशातलं. वर्ग ‘क’, प्रकार ‘इतर’. म्हणजे जिल्ह्याचं नाही, तालुक्याचं नाही, गावाचं. कोरेगाव मागे टाकून वर्धनगडाचा घाट ओलांडला की उसाचा हिरवा रंग विरळ होत जातो आणि डिसेंबरात दोन्ही बाजूंना शाळू दिसू लागतो. एसटीत बसून मागच्या तपासणीचा शेरा वाचला. दाखल नोंदवही अद्ययावत ठेवावी, ग्रंथांचे वर्गीकरण करावे, वर्गणीदार वाढवावेत. कसे वाढवावेत याबद्दल एक ओळही नाही. आज मला ती ओळ लिहायची आहे.

आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. तमिळनाडूने आणि कर्नाटकाने कायद्यानेच ग्रंथालय कर बसवला आणि ग्रंथालयं सरकारी यंत्रणेकडे दिली. महाराष्ट्रात कर नाही. इथे गावातली चार माणसं एकत्र येतात, संस्था नोंदवतात, जागा मिळवतात, पुस्तकं जमवतात, आणि शासन अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान देतं. अशी मान्यताप्राप्त ग्रंथालयं राज्यात अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. एवढं जाळं लोकांच्या उमेदीवर उभं राहिलं याचा मला अभिमान वाटतो. पण यात एक धोकाही आहे. गावातली ती चार माणसं थकली की वाचनालय थकतं. म्हणून तपासणी करताना वह्यांइतकंच गावही बघावं लागतं.

साडेआठ

तारीख कळवलेली होती, वेळ कळवली नव्हती. दारावर पाटी आहे: सकाळी ८ ते ११, सायंकाळी ४ ते ७. दार उघडं. उंबऱ्याशी पाण्याचा माठ, आत दोन खोल्या. पहिलीत वाचनाचं लांब टेबल, दुसरीत कपाटं आणि देवघेवीची खिडकी. शिपाई मामा झाडलोट उरकून वर्तमानपत्रं काठीला अडकवत होते.

टेबलापाशी पाच-सहा म्हातारी माणसं. एकाच्या हातात ‘ॲग्रोवन’. तो मोठ्याने कांद्याचा आणि डाळिंबाचा भाव वाचत होता, शेजारच्याला दिसत नसल्यामुळे. मधेच दुसऱ्या एकाने विचारलं, “पाऊस काय म्हणतोय रं त्यात?” त्याने पान उलटलं आणि हवामानही वाचून दाखवलं. मी एका कोपऱ्यात बसून राहिले. ही वाचनालयाची सेवाच आहे. डोळ्यांनी न वाचणाऱ्या माणसापर्यंत छापलेला मजकूर रोज सकाळी पोचतो. वाचक उपस्थितीच्या वहीत मात्र सही एकट्या वाचणाऱ्याचीच होती. ऐकणाऱ्यांची नावंही लिहा, असं मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, “ते वाचत न्हाईत मॅडम, नुसतं बसत्यात.” म्हटलं, तरी लिहा.

थोड्या वेळाने ग्रंथपाल ताई आल्या. माझ्याकडे बघून क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, तो मला ओळखीचा आहे. २०१२ साली महसूल खात्याकडून राज्यभर ग्रंथालयांची विशेष पडताळणी झाली. कागदावर चालणारी वाचनालयं तेव्हा उघडी पडली, ते व्हायलाच हवं होतं. पण त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गवाढ कित्येक वर्षं थांबली, आणि नेटाने काम करणाऱ्या गावांनाही त्याची झळ बसली. या वाचनालयाचा ‘ब’ वर्गाचा प्रस्ताव तेव्हा तयार होता. तो अजून फायलीत आहे. तेव्हापासून तपासणी म्हटलं की खेड्यातला ग्रंथपाल धास्तावतो. म्हणून मी आधी चहा घेते आणि वह्या नंतर मागते.

नऊ ते साडेदहा

टेबलावर वह्यांची चवड: दाखल नोंदवही, देवघेव, वर्गणीदार, नियतकालिकं, जडसंग्रह, किर्द, खतावणी, सभेचं इतिवृत्त. किर्द-खतावणी लेखापरीक्षकाने पाहिलेली असते, तिच्यावर वेळ घालवत नाही. पगार बँकेतून जमा होतो की रोख, एवढं पासबुकावरून बघते. इथे बँकेतून होतो. चांगलं.

पुस्तकांची पडताळणी दोन्ही बाजूंनी करायची असते. दाखल नोंदवहीतून जुने, मधले, नवे असे मिसळून पन्नास नंबर मी कागदावर काढले आणि ताईंना म्हटलं, ही पुस्तकं काढून द्या. मग उलट: कपाटांतून हाताला लागतील ती पुस्तकं काढून त्यांचे नंबर वहीत शोधायचे. पहिल्या पद्धतीत हरवलेली पुस्तकं कळतात, दुसरीत नोंदच न झालेली. ताईंनी यादी हातात घेतली आणि कपाटांकडे न बघताच सांगायला लागल्या, हे बाहेर आहे, हे वरच्या फळीवर, हे सरांच्या घरी, हे फाटलंय म्हणून खाली बांधून ठेवलंय. बहुतेक सापडली. मोजक्या नंबरांचा पत्ता लागेना.

पुस्तकांवर वर्गांक नाहीत. मागच्या शेऱ्यात हाच मुद्दा होता. माझं मत थोडं वेगळं आहे. खेड्यातल्या वाचनालयात कथा-कादंबऱ्याच जास्त, आणि दशांश वर्गीकरण लावलं की त्या सगळ्या ८९१.४६ च्या पोटात जाऊन बसणार. शेकडो पुस्तकांच्या पाठीवर तोच आकडा चिकटवून वाचकाला काय मिळणार? कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाने लावाव्यात, आणि वर्गांक बाकीच्यांना द्यावेत: शेती, आरोग्य, कायदा, इतिहास, चरित्रं. शेतीचं पुस्तक ६३० च्या फळीवर एकत्र सापडलं की शेतकऱ्याला ग्रंथपालाला विचारण्याचीही गरज पडत नाही. खिडकीशी उभं राहून विचारायचा संकोच खूप लोकांना असतो, बायकांना जास्त.

मग मी एक पुस्तक हातात घेऊन जरा वेळ बसले. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’. पहिली आवृत्ती १९४९ ची. ही प्रत कितव्या आवृत्तीची ते कळत नाही, सुरुवातीची पानं गेलीत. पाठीला मांजरपाटाची पट्टी खळीने चिकटवलेली. कोपरे तेलकट. मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारीखपट्टी, ती भरल्यावर तिच्यावर दुसरी, मग तिसरी. जांभळ्या शाईचे शिक्के, पुढे निळे, आणि पुढे तारखेचा शिक्का मोडल्यामुळे बॉलपेनने लिहिलेल्या तारखा. काही तारखांमध्ये पंधरा दिवसांचं अंतर, कुठे दोन वर्षांचं. शेवटची तारीख मागच्याच आठवड्यातली. ज्या मुलखातली माणसं या पुस्तकात आहेत त्याच मुलखात ते इतकी वर्षं घरोघर फिरतंय. या वाचनालयाचं मोल विचारलं तर मी हे पुस्तक पुढे करीन.

त्याच कपाटात वरच्या फळीवर जाड पुठ्ठ्याची, चकचकीत पाठींची नवी पुस्तकं ओळीने उभी. एकेक उघडून तारीखपट्टी बघत गेले. कोरी. कोरी. पुढचीही कोरी.

अकरा

वाचनालयाची सकाळची वेळ संपली. सचिव आणि अध्यक्ष गुरुजी आले. गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वाचनालयाच्या स्थापनेपासूनचे. सायकलवरून पुस्तकं मागत गावोगाव फिरलेले.

२०२३-२४ च्या खरेदीची बिलं मागितली. सगळी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली. हे याच गावात घडतं असं नाही. अनुदानाचा हप्ता उशिरा येतो, खर्च मात्र ३१ मार्चच्या आत दाखवायचा असतो. मग विक्रेता तयार गठ्ठा घेऊन येतो. भरघोस सूट, बिल नीट, पुस्तकं शासनमान्य यादीत बसणारी. गठ्ठा फुटतो, नोंदी होतात, शिक्के पडतात, फळी भरते. नियम कुठेही मोडलेला नसतो. वाचकाला मात्र त्यातलं काही नको असतं. या गठ्ठ्यात यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं होती, एकाच विषयावरची तीन-तीन चरित्रं होती, आणि मुलांसाठी म्हणून घेतलेले जाडजूड संकलित ग्रंथ होते. तेवढ्या पैशांत ‘किशोर’ची वर्गणी, विज्ञानाची पातळ पुस्तकं आणि शेतीची चार चांगली पुस्तकं आली असती.

मी सचिवांना विचारलं, या पुस्तकांची निवड कोणी केली? ते गप्प राहिले. मग खरं तेच बोलले, “वेळच नसतो मॅडम. पैसे येतात आणि आठ दिवसांत संपवावे लागतात.” त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यावर माझं म्हणणं इतकंच, की पैसे आठ दिवसांत खर्च करायचे असले तरी यादी वर्षभर तयार होऊ शकते. खिडकीशी एक मागणी वही ठेवा. वाचक मागेल ते पुस्तक, तारीख, मागणाऱ्याचं नाव. मार्चमध्ये विक्रेत्याच्या हातात तुमची यादी द्या. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाला ताईंना पाठवा. पुस्तक हातात घेऊन, चाळून निवडू देत. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडूनही पुस्तकं येतात. ती आली की त्यांत काय आहे ते आधी बघा, म्हणजे तीच पुन्हा विकत घेतली जाणार नाहीत.

गुरुजींचा प्रश्न वेगळा होता. सापडत नसलेल्या आणि फाटलेल्या पुस्तकांचं काय करायचं? निर्लेखनाला, म्हणजे अशी पुस्तकं नोंदीतून रीतसर काढून टाकायला, सगळ्या समित्या घाबरतात, कारण ग्रंथसंख्या कमी दिसली तर वर्ग जाईल अशी भीती असते. म्हणून मेलेली पुस्तकंही मोजणीत जिवंत ठेवली जातात. मी सांगितलं, तीन याद्या करा. वाचून वाचून झिजलेली एक, वाचकाकडे अडकलेली किंवा हरवलेली दुसरी, वाळवीने आणि ओलीने गेलेली तिसरी. पहिल्या यादीची लाज बाळगू नका. त्यातली जी पुस्तकं अजून छापली जातात ती पुन्हा विकत घ्या, वाचकांनी निवडलेली पुस्तकं तीच आहेत. तिसऱ्या यादीसाठी मात्र समितीने उत्तर दिलं पाहिजे. मागच्या भिंतीची ओल किती वर्षं दिसते आहे?

साडेबारा

जेवण ताईंच्या घरी. बाजरीची भाकरी, पावट्याची उसळ, ताक. जेवताना पगाराचं बोलणं निघालं, मीच काढलं.

गावपातळीच्या ‘क’ वर्गाला आधी वर्षाला ९६,००० रुपये मिळत. दशकभराच्या मागणीनंतर अनुदानात साठ टक्के वाढ झाली, ते १,५३,६०० झाले. साधारण निम्मे वेतनाला. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, अंक, वीज, छपाई, दुरुस्ती. निम्मे म्हणजे ७६,८००. महिन्याचे ६,४००, त्यात दोन माणसं. ताईंना चार हजार, मामांना चोवीसशे. ‘ड’ वर्गात तर या वाढीनंतरही अख्खं अनुदानच वर्षाला ४८,००० झालं. तिथल्या ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला दोन हजार आले.

“खुरपायला गेलं तर यापेक्षा जास्त सुटतात,” ताई म्हणाल्या, तक्रारीच्या सुरात नाही. सासऱ्यांच्या आजारपणात त्यांनी काही महिने काम सोडलं होतं. तेव्हाची देवघेव वही मी सकाळी पाहिली होती. रोजच्या नोंदींची पानं अचानक रिकामी होतात आणि ताई परत आल्या त्या महिन्यापासून पुन्हा भरतात. इमारत तीच, कपाटं तीच, पुस्तकं तीच. कर्मचाऱ्याचं मूल्यमापन कसं करायचं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला या रिकाम्या पानांपुढे दुसरा पुरावा लागत नाही. व्यंकप्पा पत्की समितीने ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणीबाबत शिफारशी केल्या, संघटनांनी मोर्चे काढले, आणि खेड्यातली ग्रंथपाल अजून मानधनावरच आहे. हे मला मनापासून खुपतं. शिक्षक, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका यांच्याइतकंच हे गावाचं काम आहे.

ताई बारावी झालेल्या, ग्रंथालय प्रशिक्षणाचा प्रमाणपत्र वर्ग झालेला नाही. वर्ग जिल्ह्याच्या गावी. जाण्यायेण्याचं भाडं, घरचं काम, आणि त्या दिवशी वाचनालय कोण उघडणार हा प्रश्न. कोऱ्या कागदावर लिहून ठेवलं.

दोन

ताई म्हणाल्या, आज मंगळवार, मला वस्तीवर जायचंय, तुम्ही येताय का? खांद्याला रेक्झिनची मोठी पिशवी, तिच्यात वीसेक पुस्तकं. वस्ती गावापासून दोन किलोमीटरवर, मेंढपाळांची आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची. बचत गटाच्या बायका लिंबाखाली जमल्या होत्या. हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले, आणि मग पिशवी उघडली.

मी फक्त बघत होते. एकीने ‘एक होता कार्व्हर’ परत केलं आणि शेजारणीला म्हणाली, “ही घे, रडशील पर सोडू नगंस.” वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ पासून मराठी घरांत असंच हातोहात फिरतंय. दुसरीला गोष्टींचंच पुस्तक हवं होतं, कारण ती रात्री सासूला वाचून दाखवते. एका तरुण मुलीने बाळंतपणानंतरच्या आहारावरचं काही आहे का, असं हळू आवाजात विचारलं. आणि एक पोक्त बाई, जिच्या नावापुढे गटाच्या वहीत अंगठा होता, ती म्हणाली, “शेळ्यांच्या दुखण्याचं पुस्तक मिळंल का? नातू वाचंल की.”

ते पुस्तक वाचनालयात नव्हतं. शेतीची फळी मी सकाळी पाहिली होती. खतांच्या मात्रांवरची जुनी पुस्तकं आणि ज्या वाणांची आता पेरणीच होत नाही अशा वाणांच्या पुस्तिका. शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या मुलखात शेळीपालनाचं एक पुस्तक नाही, आणि मार्चच्या गठ्ठ्यात यशाची सूत्रं आहेत. संग्रह तपासायचा म्हणजे काय ते या एका मागणीत आलं.

आता महत्त्वाची गोष्ट. ही सगळी देवघेव ताई शाळेच्या शंभर पानी वहीत लिहितात: तारीख, नाव, पुस्तकाचा नंबर, परत आल्याची खूण. वाचनालयाच्या देवघेव नोंदवहीत यातलं काही नाही. का, असं विचारल्यावर त्या घाबरल्या. म्हणाल्या, “यातल्या कोणीच वर्गणीदार नाहीत. वर्गणी महिन्याची, अनामत वेगळी. एवढे पैसे बायका कुठून देणार? नियमात बसत नाही म्हणून वेगळं लिहिते. एक पुस्तक गेलेलं नाही मॅडम.” मी वही चाळली. खरंच गेलेलं नव्हतं. आणि पुस्तकं घेणाऱ्यांची संख्या गावातल्या नियमित वर्गणीदारांच्या बरोबरीची होती. म्हणजे या वाचनालयाची निम्मी सेवा एका वहीत लपवून ठेवली आहे, ती देणाऱ्या बाईनेच, आपल्याला कोणी बोलेल या भीतीने.

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तेव्हा पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत फिरवल्या गेल्या. वाचक पुस्तकापर्यंत येऊ शकत नसेल तर पुस्तकाने वाचकापर्यंत जावं, हे त्या संस्थानाला शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं. ताईंनी बोर्डनचं नाव ऐकलेलं नाही. त्यांना वस्तीवरच्या बायका माहीत आहेत.

चार

वाचनालय पुन्हा उघडलं, तर दाराशी शाळेची पोरं थांबलेली. दप्तरं ओसरीवर टाकून थेट खालच्या फळीकडे. मुलांची पुस्तकं खालच्या फळीवर ठेवलेली पाहून मला बरं वाटलं. पुष्कळ ठिकाणी ती कुलपात असतात, मळतात म्हणून. चौथीतल्या एका मुलीने भा. रा. भागवतांचा एक फास्टर फेणे परत दिला. “बाई, फेणे हाय का अजून?” अजून दोन होते, दोन्ही तिचे वाचून झालेले. ताईंनी तिला विज्ञानाच्या प्रयोगांचं पातळ पुस्तक दिलं आणि म्हणाल्या, “हे बघ, नाही आवडलं तर उद्याच आणून दे.” ती उभ्या उभ्या वाचायला लागली. मागणी वही अजून सुरू व्हायची आहे, पण तिची पहिली नोंद मी मनातल्या मनात करून टाकली.

संगणक कोपऱ्यात झाकलेला. पूर्वी कधीतरी मिळालेला, यूपीएसची बॅटरी गेली म्हणून बंद. तो चालू झाला आणि ई-ग्रंथालयासारखी प्रणाली लावली तर नोंदी सोप्या होतील. पण आज या गावाची अडचण ती नाही. त्यावर एक ओळ पुरे.

तोवर स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली येऊ लागली. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा. ती आपापली पुस्तकं घेऊन येतात, वाचनालयाकडून त्यांना टेबल, उजेड आणि शांतता हवी असते. काही जाणकार म्हणतात, अशाने वाचनालयाची अभ्यासिका होते आणि साहित्याचा वाचक मागे पडतो. मला ती तक्रार पटत नाही. एका खोलीत सात जण राहणाऱ्या घरातल्या मुलाला तीन तास बसायला जागा मिळणं ही मोठी सेवा आहे. फक्त तिची नोंद वेगळी असावी, म्हणजे वाचनकक्षाची गर्दी दाखवून देवघेवीतली घट झाकली जाणार नाही.

उपस्थितीची वही बघताना एक गोष्ट खटकली. मुलं येण्याची आणि जाण्याची वेळ लिहितात. मुलगे चारला येऊन सातला जातात. मुली तासाभरात परत जातात, जवळपास रोज. अंधार पडतो म्हणून असेल असं वाटलं, पण सकाळच्या पाळीतही तेच. एका मुलीला बाजूला घेऊन विचारलं. ती खाली बघत म्हणाली, “मॅडम, बाथरूमला कुलूप असतंय.”

स्वच्छतागृह आहे. इमारतीच्या मागे, पाण्याची टाकीही आहे. तपासणीच्या नमुन्यात ते ‘आहे’ असंच लिहिलं गेलं असतं. किल्ली कोणाकडे? मामा म्हणाले, सचिवांकडे. बाहेरची माणसं येऊन घाण करतात म्हणून कुलूप. मी सचिवांना फोन लावला, किल्ली पाठवायला सांगितली, आणि ती ताईंच्या टेबलाच्या खणात ठेवायची असं ठरवून घेतलं. मुलींना ताईंकडे किल्ली मागायला संकोच वाटणार नाही. इतके दिवस मुलींचा अभ्यास या एका किल्लीपायी अडला होता.

सहा

कार्यकारी मंडळाची बैठक. सात-आठ जण, त्यात एकही बाई नाही. हे मी आधी बोलले. मग वस्तीवरची वही टेबलावर ठेवली. ताई दाराशी उभ्या होत्या. त्यांना आत बोलावून बसवलं, कारण ही गोष्ट चूक म्हणून पुढे येता कामा नये.

बोलणं बराच वेळ चाललं. एका सभासदाचं म्हणणं होतं, फुकट दिलं तर वर्गणी भरणारे नाराज होतील. दुसऱ्याचं, पुस्तकं गेली तर जबाबदार कोण? मी म्हटलं, वही बघा, गेलेली नाहीत. गुरुजी इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “आपण पुस्तकं गोळा केली ती कोणासाठी?” त्यानंतर विरोध झाला नाही. ठरलं ते असं: बचत गटाला संस्था म्हणून सभासद करून घ्यायचं, गटाची मिळून एक माफक वर्गणी, अनामत माफ, गट जबाबदार. देवघेव नोंदवहीत वस्तीसाठी वेगळी पानं. मंगळवारचा वस्तीवरचा वेळ ताईंच्या कामाच्या तासांत धरायचा. तसा ठराव इतिवृत्तात लिहून घेतला आणि सह्या झाल्यावरच उठले. ओलीच्या भिंतीसाठी ग्रामपंचायतीला पत्र द्यायचं ठरलं. मंडळावर दोन महिला घ्यायचा विषय वार्षिक सभेत येईल असं सचिव म्हणाले. मी तारीख विचारली आणि लिहून घेतली.

साडेनऊ

दहिवडीला मुक्काम. छापील नमुना पाऊण तासात भरून झाला. मग शेरा.

वर्गीकरणाबद्दल: कादंबऱ्या लेखकानुसार, बाकी वर्गांकानुसार, मार्चअखेर पूर्ण करावे. निर्लेखनाच्या तीन याद्या सभेपुढे ठेवाव्यात. खरेदी मागणी वहीतूनच करावी आणि पुढच्या तपासणीला ती वही बिलांसोबत दाखवावी. पहिल्या खरेदीत शेळी-मेंढीपालन, स्त्रियांचं आरोग्य आणि मुलांची पुस्तकं असावीत. वर्गणीदार कसे वाढवावेत ती ओळ आता लिहिता आली: बचत गट सभासदत्वाचा ठराव अमलात आणावा आणि गावाच्या उरलेल्या दोन वस्त्यांवरही तसंच करावं. वस्तीवरच्या देवघेवीचा आकडा मी वेगळ्या तक्त्यात घालून शेऱ्याला जोडला. खात्याने तो एकूण देवघेवीत धरावा, अशी शिफारस खाली स्पष्ट शब्दांत केली. ‘ब’ वर्गाच्या प्रस्तावाबद्दलही लिहिलं की सेवेच्या बाबतीत हे वाचनालय त्या वर्गाला पात्र आहे.

कर्मचाऱ्यांच्या रकान्यात ‘ग्रंथपाल अप्रशिक्षित’ एवढंच लिहिण्याची रीत आहे. मी त्यापुढे लिहिलं, की त्यांच्या गैरहजेरीतली देवघेव आणि हजेरीतली देवघेव सोबत जोडली आहे, ती पाहावी. त्यांना प्रशिक्षण वर्गाला पाठवणं ही संस्थेची जबाबदारी आहे, आणि प्रवासखर्च संस्थेने द्यावा. वर्गाच्या दिवशी वाचनालय मामा उघडतील, देवघेवीपुरती खिडकी गुरुजी सांभाळतील. गुरुजींनी निघताना स्वतःहून सांगितलं. अर्जासोबत संस्थेचं शिफारसपत्र लागतं. त्याचा मसुदा करून सचिवांच्या मोबाइलवर पाठवला, आणि लेटरहेडवर सही-शिक्क्यासह शुक्रवारपर्यंत कार्यालयात पोचवा असं खाली लिहिलं.